‘विंडोज ८’चें पूर्वदर्शन आणि त्याचे पहिले टीकाकार

टीका हा शब्द उच्चारतांच आपल्या डोळ्यांपुढें ग्रंथ येतो, नाटक येतें, फार तर एखादें चित्र किंवा गायनाची बैठक येते. ज्या कृतीला कर्त्याचें नांव आहे आणि जिच्यापुढें रसिक कांहीं काळ स्वस्थ बसतो, तिच्यावरच टीका व्हावयाची, अशी आपली ठरीव समजूत झालेली आहे. परंतु गेल्या तीस वर्षांत एक असा कृतिप्रकार आपल्या घरांत येऊन बसला आहे कीं, त्याच्याविषयीं सामान्य माणसांनीं जेवढें लिहिलें आहे तेवढें क्वचितच एखाद्या कादंबरीविषयीं लिहिलें गेलें असेल. हा प्रकार म्हणजे संगणक चालविणारी मूळ प्रणालि. तिला सर्वत्र ‘ऑपरेटिंग सिस्टिम’ या इंग्रजी नांवानेंच ओळखतात. तिच्यावर होणाऱ्या टीकेचा एक प्रसंग तपासून पाहावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत यंत्राचा विषय कशासाठीं, असें कांहीं वाचक विचारतील. त्यांस माझें उत्तर असें कीं, ही प्रणालिसुद्धां लिहिलेलीच असते. तिला कर्ते असतात, त्यांची एक शैली असते, आणि तिला वाचकहि असतात. फरक इतकाच कीं, हे वाचक तिला डोळ्यांनीं वाचतात तसेंच हातांनींहि वाचतात. शिवाय मला येथें यंत्राचें परीक्षण करावयाचें नाहीं. तें करण्याचा माझा अधिकारहि नाहीं. परीक्षण करावयाचें आहे तें त्या यंत्रावर झालेल्या टीकेचें; आणि टीका चांगली केव्हां, वाईट केव्हां, व ती ऐकावयाची कोणीं आणि कशी, हे प्रश्न तर आपल्या नेहमींच्या परिचयाचेच आहेत.

प्रथम पूर्वदर्शन म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. नाटक रंगभूमीवर येण्यापूर्वीं जशी त्याची रंगीत तालीम होते, तशी नवी प्रणालि बाजारांत येण्यापूर्वीं तिची एक अपुरी प्रत लोकांच्या हातीं देण्याचा प्रघात आहे. ‘मायक्रोसॉफ्ट’ कंपनीनें १९९५ सालीं ‘विंडोज ९५’ची अशी प्रत १९.९५ डॉलर घेऊन दिली. ‘ॲपल’ कंपनीनें १३ सप्टेंबर २००० रोजीं ‘मॅक ओएस एक्स’ची सार्वजनिक चांचणी-प्रत २९.९५ डॉलरांस विकली. अपुरें नाटक पाहावयास प्रेक्षकांनीं पदरचें तिकीट काढावें आणि वर चुकाहि दाखवून द्याव्या, असा हा व्यवहार. आणि तो लोकांनीं आनंदानें केला, याचें कारण उघड आहे. ग्रंथ आवडला नाहीं तर तो मिटून ठेवतां येतो. पण जिच्या आधारानें आपलीं पत्रें, हिशेब आणि छायाचित्रें राहतात ती प्रणालि ही वस्तु कमी आणि वास्तु अधिक असते. ज्या घरांत उद्यां राहावयाचें, त्याच्या भिंती ओल्या आहेत तोंवरच ‘ही खिडकी येथें नको’ असें सांगण्याची संधि मिळत असेल, तर ती कोण सोडील?

आतां प्रस्तुत प्रसंगाकडे वळूं. ‘विंडोज ८’ची पहिली प्रत १३ सप्टेंबर २०११ रोजीं अमेरिकेंतील ॲनाहाइम येथें भरलेल्या परिषदेच्या वेळीं प्रसिद्ध झाली. ती प्रोग्रॅम लिहिणारांसाठीं म्हणून होती, परंतु कोणासहि ती उतरवून घेण्याची मोकळीक होती. दुसरी प्रत २९ फेब्रुवारी २०१२ रोजीं बार्सिलोना येथें सामान्य ग्राहकांसाठीं म्हणून जाहीर झाली, आणि पहिल्या एका दिवसांतच ती १० लाखांहून अधिक वेळां उतरवून घेतली गेली. तिसरी ३१ मे २०१२ रोजीं आली; आणि २६ ऑक्टोबर २०१२ रोजीं पूर्ण झालेली प्रणालि विक्रीस निघाली. या तीन पूर्वदर्शनांत लोकांच्या नजरेस जें सर्वांत आधीं खुपलें तें एका लहानशा बटणाचें नाहींसें होणें. पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यांत ‘स्टार्ट’ हें बटण २४ ऑगस्ट १९९५ पासून, म्हणजे सुमारें सतरा वर्षें, ठाण मांडून होतें. त्यावर टिचकी मारली कीं मेनू उघडे आणि त्यांतून यंत्रांतील सर्व कांहीं हातीं लागे. ‘विंडोज ८’मध्यें मेनूच्या जागीं सबंध पडदा व्यापणारें एक नवें दर्शनी दालन आलें, त्यांत रंगीत चौकोनी फरशा मांडलेल्या होत्या. पहिल्या पूर्वदर्शनांत निदान बटण तरी कोपऱ्यांत शिल्लक होतें, आणि खटपटी माणसांस आंतील नोंदींत फेरफार करून जुना मेनूहि परत आणतां येत होता. दुसऱ्यांत बटणहि गेलें आणि ती चोरवाटहि बंद झाली. माऊसचा बाण रिकाम्या कोपऱ्यांत नेला तरच आंत जाण्याचा मार्ग दिसे. उजव्या कोपऱ्यांत नेला तर एक पट्टी सरकत बाहेर येई, आणि यंत्र बंद करावयाचें झालें तर त्या पट्टींतून ‘सेटिंग्ज’मध्यें, तेथून ‘पॉवर’कडे, अशी वळणें घ्यावीं लागत.

कर्त्यांची बाजूहि न्यायानें मांडली पाहिजे. हा बदल लहरीनें झालेला नव्हता. २०१० सालीं ‘आयपॅड’ आल्यापासून, बोटानें चालणाऱ्या पाट्यांवर लोकांचें मन गेलें होतें, आणि मेज व खुर्ची यांना बांधलेला संगणक मागें पडणार कीं काय, अशी भीति त्या धंद्यांत उत्पन्न झाली होती. एकच प्रणालि बोटालाहि वश व्हावी आणि माऊसलाहि, असा ‘विंडोज ८’च्या कर्त्यांचा संकल्प होता. तिच्या दृश्य शैलीला त्यांनीं प्रथम ‘मेट्रो’ असें नांव दिलें होतें. आगगाड्या आणि बसगाड्या यांच्या स्थानकांवरील पाट्या जशा ठळक, सपाट आणि निरलंकार असतात तशी ही शैली, हें त्या नांवाचें मूळ. शैली म्हणून ती देखणी होती, यांत शंका नाहीं. परंतु येथेंच एक मार्मिक विसंगति आहे. स्थानकावरील पाटी ही वाटसरूसाठीं असते. तो क्षणभर तिच्याकडे पाहतो आणि पुढें जातो. जो दिवसाचे आठ तास त्याच जागेंत काम करतो त्याला पाटी नको असते. त्याला फडताळें हवीं असतात, आणि तींहि हात लांबवितांच लागतील अशीं.

आलेल्या प्रतिक्रिया वाचूं लागलें म्हणजे त्यांचे तीन वर्ग सहज पडतात. पहिला वर्ग नवलाईनें भारलेल्यांचा. यंत्र किती चटकन् सुरू होतें, फरशा कशा जिवंत हालतात, जुन्याचा पसारा कसा नाहींसा झाला, याचें त्यांनीं तोंड भरून कौतुक केलें. दुसरा वर्ग संतापलेल्यांचा. त्यांच्या मतें हें सर्व पोरखेळ होतें, आणि धंद्याच्या माणसांचा अपमान होता. या वर्गांत नांवाजलेलीं माणसेंहि होतीं. खेळांच्या धंद्यांतील गेब न्यूएल यांनीं जुलै २०१२ मध्यें ही प्रणालि त्या व्यवसायांतील सर्वांवर येऊं घातलेलें महासंकट आहे, अशा अर्थाचे उद्गार काढले. पण नव्या प्रणालींत कंपनीचें स्वतःचें दुकानहि अंतर्भूत होतें आणि न्यूएल यांच्या संस्थेचा व्यवसायहि खेळ विकण्याचाच होता, हें वाचकानें लक्षांत ठेवलें पाहिजे. टीकाकाराचा स्वार्थ दिसला म्हणजे त्याची टीका खोटी ठरते असें नव्हे; मात्र ती तपासून घ्यावी लागते.

या दोन वर्गांचें एका बाबतींत ऐकमत्य होतें: दोघेहि स्वतःविषयीं लिहीत होते. ‘मला आवडलें’ आणि ‘मला नावडलें’ यांत कृतीविषयीं फारच थोडें कळतें. कर्त्यानें पहिल्याचें ऐकलें तर तो फुगतो, दुसऱ्याचें ऐकलें तर तो चिडतो. सुधारत मात्र कोणत्याहि बाजूनें नाहीं. खरी टीका तिसऱ्या वर्गानें केली, आणि ती संख्येनें थोडी होती. या लोकांनीं काय घडलें तें सांगितलें. मी अमुक काम करीत होतों. मला तमुक हवें होतें. तें डाव्या कोपऱ्यांत असेल असें वाटून मी तेथें गेलों, तेथें कांहीं नव्हतें. एका कामाची चौकट सबंध पडदा व्यापून बसली, त्यामुळें दुसऱ्या कागदावरचा आंकडा पाहतां येईना. जुन्या पद्धतीच्या मेजावरून नव्या दालनांत केव्हां फेंकला गेलों आणि परत कसें यावयाचें तें उमगेना. यांत विशेषण एकहि नाहीं, पण कर्त्याला उपयोगी पडणारें सर्व कांहीं आहे. मार्च २०१२ मध्यें एका गृहस्थानें आपल्या वडिलांस दुसऱ्या पूर्वदर्शनापुढें बसविलें, कांहीं न शिकवितां यंत्र त्यांच्या स्वाधीन केलें, आणि काय होतें त्याचें छोटें चलच्चित्र प्रसिद्ध केलें. म्हातारे गृहस्थ चांचपडत जुन्या मेजापर्यंत पोंचले. परतीचा रस्ता मात्र त्यांस सांपडेना. हें चित्र फार लोकांनीं पाहिलें. त्यांत युक्तिवाद नव्हता. तरीहि त्या वर्षांत प्रसिद्ध झालेल्या उत्तम टीकालेखांत मी त्याची गणना करीन.

आतां कर्त्यांनीं या टीकेला दिलेलें उत्तर पाहूं. कारण त्यांनीं उत्तर दिलें नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. स्टीव्हन सिनोफ्स्की यांच्या नेतृत्वाखालीं काम करणाऱ्या मंडळींनीं ऑगस्ट २०११ पासून आपल्या रचनेविषयीं लांबलचक निबंध प्रसिद्ध केले. इतक्या सविस्तरपणें आणि सभ्यतेनें आपल्या वाचकांस उत्तरें देणारे ग्रंथकार आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजतां येतील. ‘स्टार्ट’ मेनूविषयीं त्यांचा मुख्य पुरावा मोजमापाचा होता. लोक यंत्र कसें वापरतात याच्या नोंदी त्यांजकडे जमा होत, आणि त्या नोंदींवरून असें दिसत होतें कीं, ‘विंडोज ७’मध्यें लोक हा मेनू पूर्वींपेक्षां कमी वेळां उघडूं लागले आहेत; नेहमींचे प्रोग्रॅम ते खालच्या पट्टीवरच खिळवून ठेवतात. वापर कमी झाला आहे. सबब वस्तूची गरज कमी झाली आहे. सबब ती बदलण्यास हरकत नाहीं, असा त्यांचा न्याय.

हा न्याय दिसण्यांत बिनतोड आहे, आणि त्यांतील दोष समजून घेण्यासारखा आहे. घराचें परसदार आपण दिवसांतून किती वेळां उघडतों? जिन्याच्या कठड्यावर प्रत्यक्ष हात कितीदां टेकतों? मोजदाद केली तर या वस्तु निरुपयोगी ठरतील. पण कठडा आहे म्हणूनच म्हातारें माणूस जिना चढावयास निघतें. क्वचित् वापरलेली वस्तु आणि क्वचित् लागणारी वस्तु यांत भेद आहे. आणि ती आहे हें ठाऊक असणें हाच जिचा मुख्य उपयोग, तिचा तो उपयोग कोणत्याहि नोंदवहींत उतरत नाहीं. दुसरें असें कीं, नोंदींवरून माणसाच्या हातानें काय केलें तें कळतें. त्याच्या मनांत काय होतें तें कळत नाहीं. ज्यानें मेनू दहा वेळां उघडला तो सुखानें उघडीत होता कीं हरवला म्हणून उघडीत होता, हें आंकडा सांगत नाहीं. तें सांगणारे लोक समोर उभे होते. पूर्वदर्शन त्यांच्यासाठींच मांडलें होतें. परंतु एकीकडे कोट्यवधि नोंदी आणि दुसरीकडे कांहीं हजार माणसांचें बोलणें असा सामना पडला तेव्हां पारडें नोंदींकडे झुकलें.

दुसरें उत्तर सवयीचें होतें. आज अवघड वाटतें, उद्यां अंगवळणीं पडेल, असें कर्त्यांनीं व त्यांच्या चाहत्यांनीं वारंवार सांगितलें. हें खरेंच आहे. माणसाला कशाचीहि संवय होते. पण ज्या गोष्टीनें कोणत्याहि रचनेचें समर्थन होऊं शकतें तिनें वास्तविक एकाहि रचनेचें समर्थन होत नाहीं. संवय ही आळसाची बहीण समजण्याची एक सुशिक्षित चाल पडली आहे. मला ती मान्य नाहीं. सतरा वर्षें एका कोपऱ्याकडे जाऊन जाऊन जी वाट हातांत मुरते, ती त्या माणसानें स्वतःच्या कष्टानें मिळविलेली पुंजी असते. ती पुंजी कर्त्याला कधींच रद्द करतां येऊं नये असें मी म्हणत नाहीं. तसें म्हटलें तर १९९५ सालीं ‘स्टार्ट’ बटणहि येऊं शकलें नसतें. पण ज्याची पुंजी बुडवावयाची त्याला तिच्या बदल्यांत काय मिळतें, हें दाखविण्याचा बोजा बुडविणारावर असतो. बोटानें पाटी वापरणाराला या बदलांत कांहीं तरी मिळत होतें. मेजापाशीं बसून माऊसनें काम करणाराला जें गमवावें लागलें त्याच्या तोलाचें कांहीं मिळत नव्हतें. पूर्वदर्शनाच्या टीकाकारांचें म्हणणें, त्यांतील राग गाळून टाकला तर, एवढेंच होतें.

याच धंद्यांतील दोन जुनीं उदाहरणें शेजारीं ठेवलीं म्हणजे ही गोष्ट अधिक स्पष्ट होईल. पहिलें उदाहरण त्याच कंपनीचें. ‘विंडोज ९५’ रचतांना तिच्या मंडळींनीं वारंवार सामान्य माणसांस यंत्रापुढें बसविलें, तीं कोठें अडतात तें पाहिलें, आणि त्याप्रमाणें रचना पुनःपुन्हां बदलली; त्या मंडळींतील केंट सलिव्हन यांनीं १९९६ सालीं या कामाची सविस्तर हकीकत विद्वानांच्या परिषदेपुढें ठेवली. बटणावर ‘स्टार्ट’ हा शब्द ठळकपणें लिहिणें, आणि नव्या माणसासाठीं ‘येथून आरंभ करा’ अशा अर्थाची अक्षरें बाणासह त्याच्याकडे सरकत आणणें, यांतून कर्त्याची नम्रता दिसून येत होती. जें बटण पुढें एवढ्या वादाचें कारण झालें तेंच मुळीं वाचकांचें ऐकून घेण्याच्या वृत्तींतून जन्मलें होतें. दुसरें उदाहरण ‘ॲपल’चें. २००० सालच्या चांचणी-प्रतींत जुन्या ‘ॲपल’ मेनूला फांटा मिळाला होता, आणि सफरचंदाचें चिन्ह वरच्या पट्टीच्या मध्यभागीं केवळ शोभेसाठीं लटकत होतें. त्यावर टिचकी मारून कांहीं होत नसे. जुन्या भक्तांनीं यावर ओरड केली. २४ मार्च २००१ रोजीं पूर्ण प्रणालि बाहेर पडली तेव्हां सफरचंद डाव्या टोंकाला, आपल्या जुन्या जागीं, मेनूसह परत आलेलें होतें. मेनूंतील पदार्थ नवे होते, जागा जुनी होती. वाचकाचें ऐकणें म्हणजे त्याला शरण जाणें नव्हे, हें या उदाहरणावरून शिकतां येतें.

‘विंडोज ८’च्या बाबतींत पुढें काय झालें तें सर्वश्रुत आहे. तिसऱ्या पूर्वदर्शनांत मूळ रचना तशीच राहिली आणि ऑक्टोबर २०१२ मध्यें तशीच बाजारांत आली. नोव्हेंबरमध्यें सिनोफ्स्की कंपनी सोडून गेले. त्याच महिन्यांत वापरसुलभतेचे नाणावलेले अभ्यासक जेकब नील्सन यांनीं १२ माणसांवर केलेल्या चांचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध केला: कोठें टिचकी मारतां येते आणि कोठें नाहीं हें सपाट शैलींत ओळखूं येत नाहीं, आणि दोन दालनांच्या प्रणालीचा भार स्मरणशक्तीवर पडतो. यांत असें कांहीं नव्हतें कीं जें तिसऱ्या वर्गाच्या टीकाकारांनीं आठ महिने आधीं सांगितलें नव्हतें. दरम्यान बाहेरच्या लोकांनीं जुना मेनू परत आणून देणारे प्रोग्रॅम लिहिले. ‘क्लासिक शेल’ फुकट मिळे, ‘स्टार्ट८’ विकत मिळे, आणि दोहोंसहि गिऱ्हाईक होतें. १७ ऑक्टोबर २०१३ रोजीं ‘विंडोज ८.१’मध्यें बटण परत आलें, पण तें नव्या दालनाकडेच नेई; दारावरची पाटी परत आली, दार आलें नाहीं. खरा मेनू परत आला तो २९ जुलै २०१५ रोजीं, ‘विंडोज १०’बरोबर.

यावरून संतापलेल्या वर्गानें विजयाचा डंका वाजवूं नये. त्यांनीं जें जें झिडकारलें तें सर्वच टाकाऊ नव्हतें. यंत्र लवकर सुरू होणें, नकला करतांना वेळेचा व वेगाचा नीट आलेख दिसणें, चालू कामांचें नियंत्रण सोपें होणें, हे या प्रणालीचे गुण होते आणि ते पुढें टिकले. बोटानें चालणारे पडदे मांडीवरच्या संगणकांवर कोणी मागणार नाहीं, हें त्यांचें भाकीतहि फसलें. रागाच्या भरांत लिहिलेल्या टीकेचें हेंच होतें: तिच्यांतील खरा दोष आणि काल्पनिक दोष एकाच आवाजांत सांगितलेले असतात, आणि कर्ता काल्पनिक दोषाचें खंडन करून खऱ्याकडे पाठ फिरवितो. टीका वाया गेली याचा दोष कर्त्याकडे जातो तसा थोडासा टीकाकाराकडेहि जातो.

आणखी एक गोष्ट या सर्व गलबल्यांत बोलली गेली नाहीं, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. अपुरी प्रणालि हौसेनें उतरवून घेऊन तिच्यावर मत देणारा माणूस हा मुळांतच धीट असतो. त्याला यंत्र बिघडण्याची भीति नसते, इंग्रजी येत असतें, आणि आपलें म्हणणें चारचौघांत मांडण्याची संवय असते. पण प्रणालि बाजारांत येते ती त्याच्यासाठीं नव्हे. ती नव्या यंत्रांत आधींच घातलेली असते, आणि ज्याला निवडीचा प्रश्न कोणीं विचारलेलाच नाहीं अशा माणसापुढें येऊन उभी राहते. आपल्या मराठी घरांतून असे कित्येक वडीलधारे आढळतील कीं, ज्यांना पडद्यावरचे इंग्रजी शब्द परके वाटतात, पण ‘खालच्या डाव्या कोपऱ्यांतलें बटण’ ही जागा ज्यांनीं पक्की केलेली असते. ज्याला शब्दांची भाषा येत नाहीं त्याला जागेची भाषा हाच आधार. ती भाषा एका रात्रींत बदलली तर तो तक्रार लिहीत नाहीं. तो शेजारच्या मुलाला हांक मारतो, आणि पुढें पुढें यंत्राकडे जाणेंच सोडतो. तो यंत्र उघडीत नाहीं एवढेंच नोंदींत उमटतें. पूर्वदर्शनाच्या टीकाकाराचें कर्तव्य ठरतें तें येथें: जो बोलणार नाहीं त्याच्यासाठीं बोलणें. आपल्या वडिलांस यंत्रापुढें बसविणाऱ्या त्या गृहस्थानें तें कर्तव्य न सांगतां केलें.

हा धडा धंद्यानें अगदींच गिरविला नाहीं असें नाहीं. २०१४ सालीं ‘विंडोज १०’पासून पूर्वदर्शन हा प्रसंग न राहतां एक चालूं परिपाठ झाला, आणि नांव नोंदविणारांस नव्या प्रती एकामागून एक मिळूं लागल्या. जून २०२१ मध्यें ‘विंडोज ११’चें पूर्वदर्शन आलें तेव्हां ‘स्टार्ट’चें बटण मध्यभागीं सरकविलेलें होतें, परंतु ज्याला डावा कोपरा हवा त्याला तो परत घेण्याची मुभा पहिल्या दिवसापासून ठेवलेली होती. त्याच प्रणालींत खालची पट्टी पडद्याच्या कडेला नेण्याची जुनी सोय मात्र काढून टाकली होती, आणि त्यावर पुन्हां तीच ओरड झाली. अर्धें ऐकणें हें मुळींच न ऐकण्यापेक्षां बरें, एवढेंच यावर म्हणतां येईल.

आपल्या ग्रंथपरीक्षणांकडे पाहिलें तर तेथेंहि पहिल्या दोन वर्गांचीच गर्दी आहे. ‘हृद्य’, ‘सुरस’, ‘भिकार’, ‘कृत्रिम’ हे शब्द आपल्या हातीं सदैव तयार असतात; पण अमुक पानापर्यंत मी कथेबरोबर चाललों, तेथें कथानायिकेचा निर्णय मला पटेना, आणि त्याचें कारण मागच्या प्रकरणांत लेखकानें ठेवलेली उणीव हें आहे, असें सांगणारा परीक्षक विरळा. ग्रंथकारहि खपाच्या आंकड्याकडे बोट दाखवून मोकळा होतो. यंत्राच्या वाचकांनीं यांत आपल्यापेक्षां वाईट केलें असें मला वाटत नाहीं. त्यांतील थोड्यांनीं तर आपल्यापेक्षां बरेंच बरें केलें. पुढच्या वेळीं असें एखादें पूर्वदर्शन आपल्या हातीं आलें, मग तें प्रणालीचें असो, नाटकाच्या तालमीचें असो कीं स्नेह्याच्या हस्तलिखिताचें असो, तर तीन गोष्टी लिहून पाठवाव्या: आपण काय करावयास निघालों होतों, कोठें अडलों, आणि तेथें आपल्याला काय अपेक्षित होतें. आवडनिवड मागाहून सांगतां येते, आणि कर्ता शहाणा असेल तर ती तो न सांगतांहि ओळखील.